रागाचा हिशेब गटात मांडा

(जिल्हा बैठकीतील भाषण)



आज मी बाजारभावावर बोलणार नाही. त्यासाठी पुढचे वक्ते आहेत. मी बोलणार आहे तो बाजारातून आपल्याबरोबर घरी येणाऱ्या रागावर.

कांद्याची गाडी घेऊन माणूस बाजार समितीत जातो. रात्र रांगेत काढतो. लिलावात जी बोली लागते ती ऐकून कानशिलं तापतात. हमाली-तोलाई कापून हातात पट्टी पडते, त्यात गाडीभाडंही निघत नाही. तिथं तो ब्र काढत नाही. व्यापाऱ्याला बोललं तर पुढच्या खेपेला माल पडून राहील. बँकेतल्या साहेबाला बोललं तर कर्जाचं प्रकरण तळाला जाईल. वायरमनला बोललं तर रात्री फ्यूज कोण टाकणार? घरी आल्यावर बायको साधं विचारते, "पट्टी किती आली?" आणि ताट भिंतीवर आपटतं. पुष्कळदा गोष्ट ताटावर थांबत नाही. हे मी कुणा एकाचं सांगत नाही. समोर किती माना खाली गेल्या ते मला इथून दिसतंय.

यावर आपलं ठरलेलं उत्तर असतं, "आमचा स्वभावच तापट." मला हे पटत नाही. स्वभाव तापट असता तर ताट व्यापाऱ्याच्या गादीवर गेलं असतं. आपला राग आंधळा नाही, चांगला डोळस आहे. बळकट कोण आणि दुबळा कोण, हे त्याला बरोबर कळतं. बायको, पोरं, म्हातारी आई, दावणीचा बैल, असा तो उतार बघून वाहतो. पण याचाच दुसरा अर्थ असा की तो आवरता येतो. दिवसभर बँकेत आवरलाच होता की!

दुसरा समज असा की राग पोटात ठेवू नये, एकदाचा ओकून टाकावा. अमेरिकेतल्या ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञानं २००२ साली यावरचा प्रयोग प्रसिद्ध केला. ६०० विद्यार्थ्यांना मुद्दाम चिडवलं. काहींना, ज्यानं चिडवलं त्याला मनात आणून पिशवीवर बुक्के मारायला सांगितलं. काही नुसते गप्प बसले. बुक्के मारणाऱ्यांचा राग जास्त राहिला, गप्प बसलेल्यांचा कमी. २०२४ साली त्यानं आणि सोफी केरविक या त्याच्या सहकारी बाईंनी दीडशेवर अभ्यास एकत्र तपासले. अंग तापवणाऱ्या गोष्टींनी राग उतरत नाही; श्वास संथ करणं, अंग सैल सोडणं, ध्यान, यांनी उतरतो, असं त्यात निघालं.

आता आपला पार आठवा. संध्याकाळी चार जण जमतात, एक जण बोलायला लागतो, बाकीचे "बरोबर आहे, सोडू नको त्याला" म्हणून वारा घालतात. तासाभरानं माणूस आला त्यापेक्षा जास्त पेटून घरी जातो. मध्ये गुत्ता लागला तर विचारूच नका. म्हणजे माणसं जमली की काम झालं असं नाही. गट वेगळा, पार वेगळा.

गटात काय करायचं? रेमंड नोवाको यांनी १९७५ साली राग आवरण्याच्या शिक्षणाची पद्धत मांडली. पुढची बरीचशी कामं त्यावर उभी आहेत. तिचा गाभा आपल्याला अवघड नाही. आठ-दहा माणसं आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी, ठरल्या वेळी बसतात. पिऊन आलेल्यानं बसायचं नाही. इथलं बोलणं बाहेर जात नाही. प्रत्येक जण त्या आठवड्यातला एकच प्रसंग सांगतो: काय घडलं, त्या क्षणी मनात कोणतं वाक्य आलं, अंगात काय झालं, मी काय केलं. "ती कशी वागली" हे सांगायचं नाही, स्वतःचं सांगायचं. बाकीच्यांनी शाबासकी द्यायची नाही, प्रश्न विचारायचे. आणि पुढच्या प्रसंगाची तालीम करायची. एकानं बँकेतला साहेब व्हायचं, दुसऱ्यानं कर्ज मागायला जायचं. हसू येईल, येऊ द्या. पेरणीआधी पाभर दुरुस्त करतोच ना आपण?

मी शेतीशाळेतला माणूस, म्हणून कपाशीचं उदाहरण देतो. गुलाबी बोंडअळी दिसेपर्यंत आपण थांबत नाही. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री रोज आठ पतंग सापडले की उपाय सुरू करतो. अळी बोंडात शिरल्यावर फवारणीचा पैसा वाया जातो. रागाचेही पतंग असतात. जबडा आवळतो, श्वास वर चढतो, एकच वाक्य डोक्यात फिरत राहतं, "मलाच का?" तेव्हाच घरात सांगून बाहेर पडायचं: "डोकं तापलंय, अर्ध्या तासानं येतो." आणि परत यायचं. न सांगता निघून जाणं, रात्रभर गायब राहणं, ही दुसऱ्या प्रकारची मारहाणच आहे.

असे गट तयार मिळतात का? शहरात समुपदेशकांकडे मिळतात, तालुक्याला क्वचित. म्हणून सुरुवात जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागापासून करा. तिथल्या समुपदेशकाला पहिल्या काही बैठकींना बोलवा. फोनवर बोलायचं तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, २०२२ पासून सुरू आहे, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. दारू हे मूळ असेल तर आधी दारू. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून ते काम करतं, आणि अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा अनेक गावांत भरतात. पुरुषांनी पुरुषांशी या विषयावर बोलायचं काम मुंबईत 'मावा' ही संस्था १९९३ पासून करते आहे.

शिकलेला डॉक्टर गावोगाव मिळणार नाही, हे खरं. पण अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला, त्यात गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना शिकवून कामाला लावलं होतं. नैराश्य असलेल्या शंभरातले जेमतेम चार जण आधी मदत घ्यायचे, ते नंतर सत्तावीसवर गेले. तो विषय रागाचा नव्हता, पण आपलं माणूस आपल्या माणसाजवळ बोलतं एवढं त्यातून दिसलं.

मायबहिणींना एक स्पष्ट सांगतो. नवरा गटात जायला लागला म्हणून मार सहन करायचा नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, तालुक्याला संरक्षण अधिकारी असतो, १८१ हा महिलांचा क्रमांक आहे. हात उचलणाऱ्याचा गट त्याच्यासाठी, तिचं संरक्षण आधी. आणि घरात फरक पडला का, हे गटानं त्याच्या तोंडून ऐकून मानू नये. आपल्या महिला कार्यकर्त्यांनी तिला एकटीला गाठून विचारावं.

कुणी म्हणेल, राग गेला तर आंदोलन कशावर करायचं? रस्त्यावर दिवसभर उन्हात बसून, लाठी समोर असताना दगड न उचलणारा माणूस रागावलेलाच असतो. त्याचा राग कुठं न्यायचा हे त्याला माहीत असतं. ताट फेकणाऱ्याचा राग मात्र रात्रीच खर्च झालेला असतो, सकाळी मोर्चाला तो येतच नाही.

मागच्या टेबलावर वही ठेवली आहे. तालुक्याप्रमाणे नावं लिहा. कारण लिहायची गरज नाही. आठ नावं झाली की त्या तालुक्याची पहिली बैठक बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी सातला. खुर्च्या नकोत, सतरंजी पुरे. मोबाईल बंद करून दाराशी ठेवायचे.