बरगड्या मोडल्या तर छाती आवळू नका



ट्रॅक्टर उलटून छातीला मार बसलेला एक शेतकरी आमच्याकडे आला, तेव्हा त्याच्या छातीभोवती उपरणं घट्ट गुंडाळलेलं होतं. घरच्यांनी ते मायेनंच बांधलं होतं. मोडलेला हात हलू द्यायचा नाही, हे खरं. पण बरगडी हलल्याशिवाय श्वास कसा होणार? छाती आवळली की दम पुरता भरत नाही, खोकला दाबला जातो, कफ साचतो आणि त्यातून न्यूमोनिया होतो.

एखाद-दुसरी बरगडी मोडली, तर ती साधारण सहा आठवड्यांत आपली आपण सांधते. दुखणं मात्र सोसत बसू नका. वेदना कमी झाली तरच माणूस खोल श्वास घेतो, खोकतो.

लागून असलेल्या तीन किंवा अधिक बरगड्या प्रत्येकी दोन जागी मोडल्या, की गोष्ट वेगळी. छातीचा तेवढा भाग पिंजऱ्यापासून सुटतो. श्वास घेताना सगळी छाती फुगते आणि हा भाग आत खचतो. सोडताना उलटा वर येतो. त्याखालचं फुप्फुसही बहुधा ठेचलेलं असतं. पूर्वी अशांना कित्येक आठवडे व्हेंटिलेटरवर ठेवावं लागे. आता निवडक रुग्णांना भूल देऊन आम्ही मोडलेली टोकं जुळवतो आणि बरगडीच्या बाकाप्रमाणे वळवलेली टायटॅनियमची पट्टी स्क्रूनं बसवतो. सगळ्याच बरगड्या जोडाव्या लागत नाहीत. अगदी वरच्या दोन आणि खालच्या दोन सहसा तशाच सोडतात. पट्टी बहुतेकांच्या अंगात कायमची राहते. पुढचं काम रुग्णाचं: श्वासाच्या व्यायामासाठी दिलेल्या तीन गोळ्यांच्या प्लॅस्टिकच्या यंत्रातून रोज पुन्हा पुन्हा श्वास ओढायचा. कंटाळवाणं आहे, पण टाळू नका.

ही शस्त्रक्रिया शक्यतो पहिल्या तीन दिवसांत व्हावी. उशीर झाला की टोकं जुळवणं अवघड होतं, आणि तोवर छातीत कफ भरलेला असतो.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांची मला जास्त काळजी वाटते. न्हाणीघरात पाय घसरतो, ‘मुका मार आहे’ म्हणून हळदीचा लेप लावतात आणि चौथ्या दिवशी धाप लागते. पासष्टीनंतर दोन-तीन बरगड्यांचा मारही जिवावर बेतू शकतो.

म्हणून छातीला जबर मार बसून धाप लागली, थुंकीत रक्त आलं किंवा ओठ निळसर दिसले, तर थांबू नका. १०८ ला फोन लावा. आणि छातीला काही बांधलं असेल, तर ते आधी सोडा.