निंदणीचा रोज कोण ठरवतं?
(विदर्भातील शेतमजूर स्त्रियांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



पऱ्हाटी पेरली की पहिले दोन महिने ती सावकाश वाढते. दोन तासांत जागा मोकळी, पावसाची ओल भरपूर. तिथे केना, कुंजरू, लव्हाळा, हरळी आधी माजतात आणि खत-पाणी खाऊन टाकतात. या ६० दिवसांत तण राहिलं, तर पुढे कितीही खत घाला, बोंडं कमीच धरतात. पिकाचा निकाल लावणारे हे हात आपले आहेत.

डवरा दोन तासांमधलं तण काढतो. रोपाच्या बुडाशी उगवलेलं त्याला सापडत नाही. ते वाकून, खुरप्यानं, मुळाला धक्का न लावता काढावं लागतं. याला मालक 'हलकं काम' म्हणतो! डवरणाऱ्या पुरुषाचा रोज जास्त, निंदणाऱ्या बाईचा कमी. १९७६ साली समान वेतनाचा कायदा आला, 'समान कामाला समान दाम' म्हणाला. गावानं कामंच बायकांची आणि पुरुषांची अशी वाटून टाकलेली. मग तुलना कशाशी करणार? समाजकार्याच्या पदवीसाठी मी हा कायदा पाठ केला होता. त्यातली पळवाट मला धुऱ्यावर बसलेल्या बायकांनी समजावली.

आता तणनाशक आलं आहे. पेरणीबरोबर मारायचं पेंडिमिथॅलिन आहे, उभ्या पिकातली औषधं आहेत. परवानगी नसलेलं बियाणंही चोरून विकलं जातं, त्यावर ग्लायफोसेट मारतात. वाकून कंबर जाते. निंदणी अशीच चालू राहावी असं मी म्हणणार नाही. स्वतःचं दोन एकर रान करणाऱ्या बाईला फवारणीनं सुटका वाटते, तेही खरं. पण भूमिहीन बाईचे पावसाळ्यातले रोज जातात. पंप पुरुषाच्या पाठीवर, म्हणून रोज त्याचा. पाणी आणायला, औषध कालवायला मात्र बाई, तीही उघड्या हातांनी. ओटीत घालून भाजीला आणतो तो केना आणि घोळही जातो.

म्हणून या हंगामात प्रत्येक गटानं एक वही घालावी. निंदणीचे किती रोज मिळाले, काय दरानं, फवारणीमुळे किती गेले, औषध कोणी कालवलं, हे रोजच्या रोज लिहायचं. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोरीला बसवा. दराची बोलणी पहिल्या निंदणीच्या वेळीच करायची. तण वाढत असताना मालकालाही आपल्याइतकीच घाई असते. आणि बोलायला एकटीनं जायचं नाही. वह्या पोळ्यानंतरच्या बैठकीला घेऊन या.