तेलाच्या दाबाचा काटा

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेले भाषण)



दिवाळी सरते, रेणा सहकारी साखर कारखान्याच्या गव्हाणीत मोळी पडते, आणि रेणापूर तालुक्यातील रस्त्यांवर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांची रीघ लागते, तेव्हा नांगरट-पेरणीपुरती कसोटी दिलेल्या या इंजिनांची खरी परीक्षा सुरू होते. खाचखळग्यांच्या गाडीवाटेने भरलेला ऊस डांबरी सडकेवर आणायचा, चढणीवर इंजिनाचा सगळा जोर लावायचा, मग निवाड्याला कारखान्याच्या आवारात नंबर लावून तासन् तास तिष्ठत बसायचे, आणि बंद केलेले इंजिन पहाटेच्या थंडीत पुन्हा सुरू होईल न होईल या धास्तीने ते मंद गतीवर तसेच घुरघुरत ठेवायचे, हा क्रम फाल्गुनापर्यंत चालतो. या काळात मालकाचे लक्ष डिझेलवर असते, टायरवर असते, मुकादमाच्या उचलीवर तर असतेच असते. परंतु ज्या एका गोष्टीवर इंजिनाचे आयुष्य अवलंबून आहे, त्या वंगणतेलाच्या दाबाकडे पाहण्याची सोयच कित्येक ट्रॅक्टरांवर, जीपगाड्यांवर आणि पिकअपवर नसते. ती सोय बाजारातून आणून आपण वेगळी बसवून घेऊ शकतो. तिच्याविषयी आज बोलावयाचे आहे.

इंजिन चालू असताना क्रँकशाफ्ट आणि ज्या बेअरिंगांत तो फिरतो त्या बेअरिंगा यांचा परस्परांना स्पर्श होत नाही, असे सांगितले तर पुष्कळांना ते खरे वाटणार नाही. पण वस्तुस्थिती तशीच आहे. त्या दोहोंच्या मध्ये तेलाचा एक थर असतो, त्याची जाडी मिलिमीटरच्या काही हजाराव्या हिश्शांपलीकडे जात नाही, आणि एवढ्याशा थरावर पिस्टनचे सगळे तडाखे झेलले जातात. खालच्या चेंबरमधील तेल दंतचक्रांचा एक छोटा पंप उचलतो, गाळणीतून पुढे ढकलतो, आणि ब्लॉकमधील मार्गांनी प्रत्येक बेअरिंगपर्यंत पोचवतो. येथे एक बारकावा ध्यानात घेण्यासारखा आहे. पंप केवळ तेल ढकलतो. त्या तेलाला वाटेत जो अडथळा होतो त्यातून दाब उत्पन्न होतो. म्हणूनच बेअरिंग झिजून तिची फट वाढली की अडथळा कमी होतो आणि दाब उतरतो. तेल तापून पातळ झाले तरी उतरतो. तेलात डिझेल मिसळले तरीही उतरतो. या शेवटच्या प्रकारात तर दांडीवरची पातळी उलट वाढलेली दिसते, आणि मालक मनात संतोष पावतो. वरून ऑइल न घालता चेंबरमधले ऑइल वाढले, तर ते शुभचिन्ह खचित नव्हे.

आता यावर कोणी म्हणेल की, गाडीला लाल दिवा दिलेला आहेच की! दिवा आहे, ही गोष्ट खरी. परंतु त्या दिव्याच्या मुळाशी असलेला स्विच म्हणजे एक पडदा आणि एक स्प्रिंग; दाब सामान्यतः दर चौरस सेंटिमीटरला अर्ध्या किलोच्या आसपास किंवा त्याच्याही खाली घसरला म्हणजे तो दिवा पेटवतो, त्याआधी नाही. भरधाव चालणाऱ्या निरोगी डिझेल इंजिनात हाच दाब बहुधा तीन-चार किलो असतो. म्हणजे चारावरून एकापर्यंत जी घसरगुंडी हंगामभर चालू असते, तिची वार्ता दिव्याला नसते. लाल दिवा हा दारात येऊन उभा राहिलेला जप्तीचा हुकूम आहे. थकबाकी कोणत्या महिन्यापासून वाढत गेली हे पाहावयाचे असेल तर खतावणीच उघडली पाहिजे, आणि ती खतावणी म्हणजे हे काट्याचे घड्याळ. दुसऱ्या महायुद्धातील विलिस जीपच्या पुढच्या फळीवर तेलाच्या दाबाचे घड्याळ होते, आणि 1947 च्या सुमारास महिंद्र कंपनीने मुंबईत जीपची जुळणी सुरू केली ती याच वंशातील गाडीची. पुढे अनेक गाड्यांवरून घड्याळ गेले आणि दिवा आला. कारखानदाराची काटकसर झाली आणि चालकाचे ज्ञान तेवढे कमी झाले, असे माझे स्पष्ट मत आहे.

या घड्याळाची मूळ कल्पना पॅरिसच्या यूजीन बूर्दाँ या यंत्रकाराची. त्याने 1849 साली तिचे पेटंट घेतले. पितळेची एक चपटी नळी कंसासारखी वाकवायची, तिचे एक टोक बंद करायचे आणि दुसऱ्या टोकाने आत दाब सोडायचा. नळी सरळ होऊ पाहते, आणि तिची ती अल्पशी हालचाल दंतचक्राने मोठी होऊन काट्यापर्यंत पोचते. वाफेच्या बॉयलरांवर हे घड्याळ जगभर रूढ झाले. 1897 साली सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद मार्ग 1911 मध्ये लातूरपर्यंत आला, तेव्हा तिच्या वाफेच्या इंजिनांतील चालकासमोर हाच काटा हलत असे. म्हणजे आमच्या या मुलखाला तो ट्रॅक्टरच्या कितीतरी आधीपासून परिचित आहे. आज दुकानात मिळणाऱ्या साध्या, नळीच्या घड्याळात जवळजवळ तीच रचना असते.

बाजारात दोन जाती मिळतात. पहिली ही नळीची: इंजिनातील तेल बारीक तांब्याच्या किंवा नायलॉनच्या नळीतून थेट घड्याळापर्यंत येते. ती वीज मागत नाही आणि सहसा खोटे बोलत नाही. पण नळी तुटली तर ज्या पंपाने इंजिन वाचवायचे तोच पंप चेंबरमधले तेल रस्त्यावर ओतू लागतो, आणि ते तापलेले तेल चालकाच्या पायावर उडते ते निराळेच. म्हणून नायलॉनची नळी मॅनिफोल्डच्या आणि सायलेन्सरच्या वाऱ्यालाही उभी राहू देऊ नये, आणि तांब्याची नळी हादऱ्यांनी ताठर होऊन चिरते हे ओळखून तिला इंजिनापाशी दोन-तीन वेटोळी द्यावीत, म्हणजे हादरा त्यांतच जिरतो. पत्र्याला छिद्र पाडून नळी न्यायची असेल तर छिद्रात रबराची बुशी हवीच.

दुसरी जात विजेची. इंजिनावर एक सेंडर बसतो, दाबाप्रमाणे त्यातील विद्युत्‌रोध बदलतो, आणि एका तारेने ती खबर घड्याळाला पोचते. तेल चालकाच्या जवळपासही येत नाही, हा तिचा मोठा गुण. मात्र सेंडर आणि घड्याळ यांची जोडी जमलेली पाहिजे. युरोपीय पद्धतीचे पुष्कळसे सेंडर शून्य दाबाला 10 ओहम आणि पूर्ण दाबाला 180 ओहम दाखवतात, तर अमेरिकी पद्धतीचे शून्याला 240 आणि पूर्ण दाबाला 33. एकाचा सेंडर आणि दुसऱ्याचे घड्याळ असा विजोड संसार मांडला, तर इंजिन बंद असताना काटा जोरात आणि चालू केल्यावर खाली, असा चमत्कार दृष्टीस पडतो. शिवाय एकाच तारेच्या सेंडरची अर्थिंग त्याच्या आट्यांतूनच होते. गळू नये म्हणून त्यावर टेफ्लॉनच्या पट्टीचे थरावर थर चढवणारा मिस्त्री गळती थांबवतो खरा, पण त्याच हाताने घड्याळालाही मुके करतो.

आट्यांची गोष्ट निघालीच आहे, तर सर्वांत मोठे नुकसान तेथेच होते हे सांगितले पाहिजे. एक अष्टमांश इंचाच्या ब्रिटिश पद्धतीच्या आट्या इंचाला 28, अमेरिकी पद्धतीच्या 27, आणि दहा मिलिमीटरच्या मेट्रिक बारीक आट्या एकेक मिलिमीटरच्या अंतराने. तिन्ही डोळ्यांना जवळजवळ सारख्या दिसतात आणि तिन्ही परस्परांत एक-दोन फेरे गोडीगुलाबीने जातातही. पुढे पाना लावून जोर केला की ब्लॉकमधल्या आट्या उतरतात, आणि शेदोनशे रुपयांच्या जोडणीपायी मोठा खर्च अंगावर येतो. जुना स्विच काढून तोच दुकानदाराच्या हातात द्यावा आणि त्याच्या मापाची जोडणी मागावी, हा अत्यंत साधा उपाय आहे. तो फारसा कोणी करीत नाही.

या जुन्या स्विचलाही नोकरीवरून काढू नये. पितळेचा टी घ्यावा, त्याच्या एका तोंडाला स्विच आणि दुसऱ्याला सेंडर द्यावा. म्हणजे काटा आणि दिवा हे दोन स्वतंत्र साक्षीदार राहतात. काटा एकाएकी शून्यावर पडला आणि दिवा मात्र पेटला नाही, तर तारेत बिघाड असण्याचा संभव अधिक. दोघांनीही एकच जबानी दिली तर मग संशयाला जागा नाही. फक्त तो टी आणि त्याला लटकलेला जड सेंडर ब्लॉकवर अधांतरी झुलत ठेवू नये, कारण डिझेल इंजिनाच्या कंपनांनी त्याची मान तुटते. आखूड, मजबूत होजने तो बाजूला आणून पत्र्याला क्लॅम्पने आवळावा. हे काम चेंबर गार असताना करावे, आणि झाल्यावर इंजिन चालू करून सांध्यांखाली कोरडे फडके फिरवून पाहावे.

घड्याळ बसले म्हणजे मालकाचे काम सुरू झाले. पहाटे गार इंजिनात तेल दाट असते, तेव्हा काटा उंच जातो आणि रिलीफ व्हॉल्व्ह त्याला आवर घालतो. दुपारी भर उन्हात चढण चढून आलेले इंजिन मंद गतीवर उभे राहिले की तोच काटा किलोच्या आसपास येतो. यात घाबरण्याचे कारण नाही, आणि शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवर काय दिसते याच्याशी तुलना करण्याचेही नाही. कंपनीच्या पुस्तकात दिलेला आकडा प्रमाण मानावा. घड्याळावर पौंड असतील तर एक किलो म्हणजे सुमारे सव्वाचौदा पौंड हे लक्षात असू द्यावे. इंजिन नीट तापल्यावर मंद गतीला किती आणि भरल्या ट्रॉलीनिशी पळताना किती, हे दोन आकडे तारखेसह वहीत टिपून ठेवावेत. पुढच्या महिन्यात तेच तेल, तीच गती आणि आकडा मात्र उतरलेला, असे आढळले तर मिस्त्रीकडे जाण्याची वेळ आली, आणि बहुधा पुरेशी आधी आली. वळणावर किंवा चढणीवर काटा थरथरत असेल तर प्रथम दांडी काढून पाहावी. तेल कमी असेल तर पंप हवा ओढतो.

येथे एका प्रचलित रीतीविषयी बोलल्यावाचून राहवत नाही. काटा खाली दिसू लागला की जाड ऑइल किंवा डबीतले घट्ट द्रव्य ओतून तो वर आणण्याची वहिवाट पुष्कळ ठिकाणी आहे. जुनी गाडी विकायला काढली असेल तर विशेषच. झिजलेली बेअरिंग त्याने भरून येत नाही. उलट गार इंजिनात ते दाट तेल दूरच्या बेअरिंगांपर्यंत पोचायला उशीर लावते, आणि काटा दिमाखाने उभा असताना आतील झीज चालूच राहते. सेकंडहँड ट्रॅक्टर पाहायला जाल तेव्हा इंजिन चांगले तापू द्या, मगच काट्याकडे पाहा. गार इंजिनावरचा आकडा पाहून इसार देऊ नका.

आणि काटा शून्यावर आला, दिवाही पेटला, तर रेणापूर दोन किलोमीटरवर राहिले असले तरी इंजिन जागीच बंद करा. गावापर्यंत नेऊ, मग बघू, या विचाराने पुढे नेलेल्या इंजिनाचे क्रँकशाफ्टसह सगळे काम निघते. ट्रॉलीतला ऊस एक दिवस वाळेल, वजनात थोडी घट येईल, ती सोसा. आणि पुढच्या हंगामाची मोळी पडण्याच्या आत हे घड्याळ बसवून घ्या. बसवताना मिस्त्रीला दिव्याचा जुना स्विच तेवढा काढून टाकू देऊ नका.