झाकलेली मूठ



‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण आपण मोठ्या समाधानाने उच्चारतो. परंतु मूठ झाकून ठेवण्याचे मोल कोणी द्यावयाचे, हे आपण सहसा विचारीत नाही. इंग्रज दिग्दर्शक माइक ली यांनी १९९६ साली ‘सीक्रेट्स अँड लाइज’ या चित्रपटात ते विचारले. कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक त्यास त्याच वर्षी लाभले.

कथा लंडनमधील आहे. हॉर्टेन्स ही कृष्णवर्णीय नेत्रपरीक्षक तरुणी. तिला वाढविणारी आई निवर्तते आणि जन्मदात्रीचा शोध घेण्याचे तिच्या मनात येते. दत्तक गेलेल्या प्रौढ व्यक्तीस आपली जन्मनोंद मिळविण्याचा अधिकार तेथे १९७५ च्या कायद्याने दिला आहे. कागदपत्रांतून आईचे नाव सापडते. ती निघते गौरवर्णीय! ही सिंथिया कारखान्यात राबणारी, धाकट्या मुलीशी नित्य खटके उडणारी. उपाहारगृहात दोघी शेजारी बसतात. सिंथिया नाकारीत राहते. आणि एकाएकी तिला काही आठवते. कॅमेरा जागचा हलत नाही. वर्षानुवर्षे गाडलेली लाज ब्रेंडा ब्लेथिन या अभिनेत्रीच्या मुद्रेवर आपल्यादेखत वर येते.

सिंथियाचा भाऊ मॉरिस छायाचित्रकार आहे. दुकानात येणाऱ्या प्रत्येकास तो हसावयास लावतो. त्याच्या घरात मात्र हसू नाही. त्याच्या पत्नीस मूल होणे शक्य नाही. पण ते कोणास ठाऊक नसल्यामुळे नणंद तिला स्वार्थी समजते. अखेर भाचीच्या एकविसाव्या वाढदिवशी दोन्ही गुपिते फुटतात. क्षणभर घर कोसळल्यासारखे वाटते. वस्तुतः कोसळते ती मधली भिंत. एकमेकींचा दुस्वास करणाऱ्या दोघी प्रथमच एकमेकींचे दुःख ओळखतात.

तर मग मनातील सारेच बोलून टाकावे काय? चित्रपट तसे सांगत नाही. हॉर्टेन्सच्या पित्याविषयी सिंथिया शेवटपर्यंत काही सांगू शकत नाही, आणि मुलगी तिला अधिक छेडीत नाही. आपली जखम उघडी करावी की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. परंतु ज्या गुपितावर दुसऱ्याच्या जन्माची ओळख अवलंबून आहे, ते केवळ आपले कसे म्हणावे?

घरोघरी भिंतीवर हसऱ्या मुद्रांची छायाचित्रे असतात. त्यांतील एखादा चेहरा आज घरात गप्प गप्प असेल, तर त्याला हसावयास सांगू नका. जवळ जाऊन बसा.