माळाची खरी नोंद

आज पदवी घेणाऱ्या स्नातकांनो,

वनस्पतिशास्त्र, वनविद्या, भूगोल आणि दूरसंवेदन या शाखांचे विद्यार्थी आज एकाच मंडपात बसले आहेत. तुमच्यातले बरेच जण पुढे सरकारी जमिनीवरच्या नैसर्गिक वनस्पतींचे नकाशे करतील, तपासतील किंवा त्यांवर सही करतील. म्हणून आज त्या नकाशांविषयीच बोलायचं ठरवलं.

राखीव वन, गावचं गायरान, कोकणातला खडकाळ सडा, तलावाकाठचं बुडीत क्षेत्र ही सगळी जमीन सर्वांची आहे. खाजगी शेताच्या नोंदीत चूक झाली, तर मालक दुसऱ्या दिवशी तलाठ्याच्या दारात उभा राहतो. सर्वांच्या जमिनीबाबत चूक झाली, तर भांडायला सहसा कुणी येत नाही. ती चूक अहवालातून आराखड्यात जाते, आराखड्यातून निविदेत जाते आणि मग जागेवर जेसीबी येतो. नकाशावर तुम्ही लिहिलेला वनस्पतींचा वर्ग त्या जमिनीचा निवाडा ठरतो, आणि त्यावर अपील करणं फार अवघड असतं.

आपल्याकडच्या वर्गीकरणाची घडण आधी पाहू. हॅरी चॅम्पियन या ब्रिटिश वनाधिकाऱ्याने 1936 साली भारत आणि ब्रह्मदेशातल्या वनप्रकारांची पाहणी प्रसिद्ध केली. पुढे एस. के. सेठ यांच्यासह त्यांनी ती सुधारली आणि 1968 मध्ये देशातली वनं सोळा प्रमुख गटांत मांडली. हे काम मोठं आहे. आजही कुठल्याही कार्य आयोजनेत ‘दक्षिणी शुष्क पानझडी वन’ असं लिहिताना आपण त्यांचाच आधार घेतो. पण ती पाहणी वनाधिकाऱ्यांची होती आणि त्यांची नजर झाडावर होती. त्यांच्या यादीत शुष्क गवताळ प्रदेशाला 5/डीएस4 असा क्रमांक आहे. त्यातलं ‘डीएस’ म्हणजे ऱ्हासाची अवस्था. इथे मुळात जंगल होतं, ते बिघडलं आणि गवत उरलं, असं त्या दोन अक्षरांत गृहीत धरलेलं आहे.

काही ठिकाणी हे खरंही आहे. सह्याद्रीच्या भरपूर पावसाच्या उतारांवर तोड आणि वणवे यांमुळे जंगल गेलं आणि गवत आलं, अशा जागा पुष्कळ आहेत. पण शिरूर, दौंड, इंदापूर, माण, सांगोला, करमाळा हा पर्जन्यछायेचा पट्टा वेगळा. पाऊस कमी आणि लहरी, बेसाल्टवर मुरमाचा पातळ थर, मधूनमधून बोर, बाभूळ, हिवर आणि बाकी सगळं गवत. जुन्या मराठी वाङ्मयातले, संतचरित्रांतले आणि ओव्यांतले वनस्पतींचे उल्लेख गोळा करून संशोधकांनी अलीकडे दाखवून दिलं आहे, की हा प्रदेश निदान साडेसातशे वर्षांपूर्वीही असाच काटेरी झाडांचा आणि गवताचा होता. त्याला बिघडलेलं जंगल म्हणणं चूक आहे.

आता आजची मोजमापं पाहा. भारतीय वन सर्वेक्षण संस्था 1987 पासून देशाच्या वनस्थितीचा अहवाल काढते. त्यात एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेवर झाडांच्या छत्राची घनता दहा टक्के असली की ती जागा वनाच्छादन म्हणून मोजली जाते. जमीन कुणाची आणि झाड कुठलं, हे त्यात विचारलं जात नाही. त्यामुळे दाट आमराई या आकड्यात बसते आणि ज्या माळावर लांडगा, चिंकारा, धाविक आणि तणमोर जगतात तो माळ बाहेर राहतो. ही व्याख्या झाडांचं छत्र मोजण्यापुरती योग्य आहे. तिच्यावरून निसर्ग मोजायला जातो, तिथे आपण फसतो.

बाहेर राहिलेल्या जमिनीला दुसरं पुस्तक जागा देतं. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहाच्या 2019 च्या आवृत्तीत भारताची सुमारे 17 टक्के भूमी पडीक म्हणून दाखवली आहे. त्यात खरोखर नापीक, खारावलेली, धूप झालेली जमीन आहे. त्याच वेळी खुरट्या झुडपांची जमीन आणि उघडा खडक हेही त्याच यादीतले वर्ग आहेत. कासच्या पठाराचा विचार करा. जांभ्या खडकावर जेमतेम बोटभर माती. मे महिन्यात तिथे उघड्या खडकाखेरीज काही दिसणार नाही. पावसाळ्यात त्याच खडकाच्या डबक्यात वायतुरा फुलतो, आणि ही वनस्पती या भागाबाहेर जवळपास कुठेच सापडत नाही. पश्चिम घाटातल्या ज्या जागांना 2012 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत कास आहे. कोकणातल्या असंख्य सड्यांचं भाग्य एवढं थोर नाही. त्यांच्या नोंदीत खडक आहे, फूल नाही.

नुसतं ‘गवत’ असं लिहिण्यात किती माहिती हरवते, तेही सांगतो. दख्खनच्या चांगल्या राखलेल्या माळावर पवन्या आणि मारवेल ही बहुवर्षायू गवतं असतात. गुरं आणि मेंढ्या ती आधी खातात. चराई वाढली की ती मागे हटतात आणि कुसळी पुढे सरकते. त्याहून ताण वाढला की एका पावसापुरती जगणारी हलकी गवतं उरतात. म्हणजे पायाखाली कोणतं गवत आहे यावरून त्या जमिनीच्या मागच्या काही वर्षांचा हिशेब कळतो. कुसळीचं एक बी हातात घेऊन पाहा. एका टोकाला सुईसारखी अणी, दुसऱ्या टोकाला पीळ पडलेली लांब शेपटी. ओल लागली की पीळ उलगडतो, सुकलं की पुन्हा वळतो, आणि या फिरण्याने बी स्वतःला मातीत रुतवून घेतं. उपग्रहाच्या चित्रात हे सगळं एका पिवळट ठिपक्यात संपतं.

उपग्रहाला दोष देऊ नका, तो दिसेल तेच सांगतो. प्रश्न तुम्ही कोणत्या महिन्यातलं चित्र मागवता याचा आहे. एप्रिलमध्ये वाळलेलं गवत आणि उघडी माती यांत त्याला फारसा फरक दिसत नाही, पानझडी जंगलही तेव्हा उजाड दिसतं. म्हणून एकाच जागेची पावसाळ्यानंतरची आणि उन्हाळ्यातली चित्रं शेजारी ठेवा. अचूकतेच्या टक्क्यालाही भुलू नका. एखाद्या तालुक्यात पाच टक्के गवताळ प्रदेश असेल आणि तुम्ही तो सगळा पडीक म्हणून टाकला, तरी बाकी बरोबर असल्यास तुमचा नकाशा 95 टक्के अचूक ठरेल. त्या तालुक्यातल्या माळाच्या बाबतीत मात्र तो शंभर टक्के खोटा असेल. म्हणून प्रत्येक वर्गाची अचूकता वेगळी लिहा.

चुकीच्या वर्गाची किंमत काय असते, हे सोलापूरजवळच्या नान्नज परिसरात पाहता येतं. माळढोकासाठी तिथे 1979 मध्ये अभयारण्य झालं. या पक्ष्याला लांबवर नजर जाईल असा मोकळा माळ लागतो. त्याच मुलुखात गिरिपुष्पाच्या झाडांची लागवड झाली. झाड लावलं की भलं झालं, या समजुतीने मोकळ्या माळांवर खड्डे पडले. पर्यायी वनीकरणाचा निधी आला की मोकळी जागा शोधली जाते, आणि मोकळी म्हणजे रिकामी असं धरलं जातं. आता सौर प्रकल्पांसाठीही सरकारी जमीन लागते आहे. सौरऊर्जा हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण कोणती जमीन द्यायची हे ठरवताना अधिकाऱ्याच्या टेबलावर खरा नकाशा असला पाहिजे, आणि तो तुम्हीच देऊ शकता.

तो नकाशा करायला तुम्हाला माणसं लागतील. दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन कोकणात उतरणारा आणि पावसाच्या तोंडावर परतणारा धनगर कोणत्या माळावर कोणतं गवत कधी येतं हे जाणतो. गावच्या बायकांना सरपण, डिंक, रानभाज्या कुठे मिळतात हे पाठ असतं. वनहक्क कायदा 2006 मध्ये आला, गडचिरोलीतल्या मेंढा-लेखासारख्या गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आणि ग्रामसभा स्वतःच्या जंगलाचे आराखडे करू लागल्या. गायरानासारख्या सामाईक जमिनी बळकावण्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट निकाल दिला. हक्क कागदावर आहेत. त्यांना जमिनीवर उभं करायला पुरावा लागतो आणि वनस्पतींचा चोख नकाशा हा भक्कम पुरावा असतो.

स्नातकांनो, उपदेश लांबवत नाही, चार गोष्टी मागतो. जागा न पाहता वर्ग लिहू नका. माळ आणि सडा एकदा सप्टेंबरात आणि एकदा एप्रिलमध्ये पाहिल्याशिवाय त्यावर पडीक असा शिक्का मारू नका. खात्री नसेल तिथे ‘अनिश्चित’ हा वर्ग ठेवा आणि वरिष्ठांनी तो काढायला सांगितला तर कारण लेखी मागा. आणि नकाशा पूर्ण झाला की तो मराठीत, गावाला वाचता येईल अशा सूचीसह, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा, म्हणजे सर्वांच्या जमिनीसाठीही भांडायला कुणीतरी येईल.

तुमच्या हातून या महाराष्ट्राच्या माळाची खरी नोंद व्हावी, एवढीच अपेक्षा.