मांजराचे लंघन

ठाणे-कल्याणच्या वाड्यांतून मांजर पूर्वी उंदरांमागे धावे. आज डोंबिवलीच्या बंद सदनिकेत ते दूधभात खाऊन स्थूल होते. मग घरातील वडील मंडळी 'लंघन हेच परम औषध' म्हणून त्याचे अन्न तोडतात. मनुष्याचे हे सूत्र मांजरास घातक आहे. स्थूल मांजर काही दिवस उपाशी राहिल्यास अंगातील मेद यकृतात साचतो व ते प्राणासही मुकते.

परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयास १८८६ पासूनची परंपरा आहे. तेव्हा जाणत्या पशुवैद्यांची आपल्याकडे वाण नाही. प्रथम त्यांस दाखवावे. मांजर मूळचे मांसाहारी. म्हणून दूधभात हळूहळू कमी करून ते सांगतील तो आहार मोजून, दोनतीन वेळा द्यावा. वाढणारा हात एकच असावा. आजीचा घास आणि नातवाचा घास मिळूनच हा मेद चढतो. रोज थोडा वेळ दोरीशी खेळवावे.

मांजरास उचलून काट्यावर उभे राहावे व आपले वजन वजा करावे. सहा किलोच्या मांजराचे महिन्यास पाव किलो घटले तरी पुष्कळ झाले. मात्र एक दिवस जरी त्याने अन्नास तोंड लावले नाही, तरी त्यास तत्काळ वैद्याकडे न्यावे.