चहा किती वाजता घेता?

मित्रहो, तुमच्या आणि चहाच्या सुट्टीच्या मध्ये आता माझं भाषण तेवढं उरलंय. म्हणून विषयही चहाचाच घेतो, म्हणजे त्यातल्या कॅफिनचा. बारामती-इंदापूर भागात आपण हे औषध एकीकडे मिलिग्रॅमवर मोजून देतो. दुसरीकडे लोक कपावर कप रिचवतात आणि आपण साधी विचारपूसही करत नाही.

नवजात कक्षात सातव्या महिन्यात जन्मलेलं किलोभराचं बाळ श्वास घेता घेता थांबतं. वीस सेकंद होतात, ठोके मंदावतात, मॉनिटर ओरडायला लागतो. सिस्टर तळव्याला टिचकी मारतात आणि छाती पुन्हा हलते. मेंदूतलं श्वसनकेंद्र कच्चं असतं आणि ॲडिनोसिन त्याला आणखी दाबून ठेवतं. कॅफिन त्या ॲडिनोसिनची जागा अडवतं. बार्बरा श्मिट आणि सहकाऱ्यांच्या २,००६ बाळांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २००६ साली आले. कॅफिनमुळे फुप्फुसाच्या जुनाट आजाराचं प्रमाण ४७ वरून ३६ टक्क्यांवर आलं. पुढच्या वर्षीच्या पाठपुराव्यात सेरेब्रल पाल्सी ७.३ वरून ४.४ टक्क्यांवर आलेली दिसली.

त्या किलोभराच्या बाळाला पहिला डोस २० मिलिग्रॅम कॅफिन सायट्रेटचा. त्यात निव्वळ कॅफिन निम्मं, १० मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला हाच हिशेब लावला, तर एका बैठकीत बारा ते वीस कप चहा! म्हणून एखादी आजी ‘दवाखान्यातलं औषध तेच ना’ म्हणत बाळाला चमच्याने कोरा चहा पाजू लागली, तर तिला तिथेच थांबवा. त्यात कॅफिन किती ते कुणालाच ठाऊक नसतं, आणि चहा पोटातलं लोहही शोषू देत नाही.

आता मोठ्यांकडे वळू. रात्रीची लाईट म्हणून उसाला दारं धरणारा शेतकरी, एमआयडीसीतला तिसऱ्या पाळीचा कामगार, गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टरवाला, हे सगळे ‘झोप लागत नाही’ म्हणत येतात आणि आपण गोळी लिहून देतो. केसपेपरवर तंबाखू विचारतो, दारू विचारतो, शेवटचा चहा किती वाजता घेतला हे विचारत नाही. मोठ्या माणसाच्या अंगातून निम्मं कॅफिन जायला साधारण पाच तास लागतात. २०१३ च्या एका अभ्यासात झोपायच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅमनेही झोप तासाभराहून जास्त घटली. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत तर पाचाचे पंधरा तास होतात, तेव्हा तिला दुपारच्या चहाबद्दलही विचारा.

घोरणाऱ्यांची गोष्ट वेगळी. बाळात मुख्यतः मेंदू श्वासाचा हुकूम द्यायला चुकतो, घोरणाऱ्याचा घसाच मिटतो. कॅफिन घसा उघडत नाही. दिवसभर चहावर जागा राहणारा ड्रायव्हर उलट आपला आजार झाकत असतो. अशाची मान मोजा, रक्तदाब बघा, त्याच्या बायकोला विचारा. निदान निम्मं तिच्याकडेच असतं.

शेवटचा मुद्दा मला सर्वांत निकडीचा वाटतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं यकृत कॅफिन मोडायला शिकलेलं नसतं. निम्मं जायला शंभरेक तास लागतात. म्हणजे डोस बंद केल्यावरही बाळ काही दिवस औषधाच्या आधारावरच छान श्वास घेत असतं. त्यावर आपणही फसतो आणि नातेवाईकही. ऊसतोडीच्या टोळीतली आई असेल तर घाई आणखी, कारण फड संपला की कोपी हलते आणि उचल फिटेपर्यंत कोयत्याला सुट्टी नसते. तरीही डोस थांबवल्यावर पाच-सात दिवस बाळ मॉनिटरवर हवंच. त्यासाठी मुकादमाला फोन करावा लागला तर डॉक्टरनेच करावा, सिस्टरवर ढकलू नये. टोळी पुढच्या कारखान्यावर गेलीच, तर तिथल्या डॉक्टरला कॅफिन कुठल्या तारखेला थांबवलं ते डिस्चार्ज कार्डावर वाचता आलं पाहिजे, आणि ते आपल्या नेहमीच्या अक्षरात लिहू नका.